बोअर-पिस्टनला हो म्हणण्याआधी रीड उघडून बघा

तुमची आरएक्स १०० सकाळी दहा-दहा किका मागते, सिग्नलला स्लोवर टिकत नाही, खालच्या रेसला ओढत नाही आणि अॅव्हरेजही घसरलंय. गॅरेजमध्ये गेलात की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं : "बोअर-पिस्टन करावं लागेल." म्हणजे अंदाजे तीन ते सहा हजार रुपये आणि गाडी तीन-चार दिवस गॅरेजमध्ये. होकार देण्याआधी एक काम करून घ्या. कार्बोरेटर आणि बॅरल यांच्या मध्ये बसलेला रीड व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि त्याच्या पत्त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तासाभराचं काम आहे. दोष तिथेच निघाला, तर बहुतेक वेळा दोन हजारांच्या आत सुटका होते.

या लेखात दिलेले भाव ढोबळ आहेत. शहर, गॅरेज आणि पार्टची कंपनी यांप्रमाणे ते वर-खाली होतात. पण समोर आलेला आकडा वाजवी आहे की फुगवलेला, एवढं ओळखायला ते पुरेसे आहेत.

आधी हे ठरवा : तुमच्या गाडीला रीड आहे का?

सगळ्या टू-स्ट्रोक गाड्यांना रीड नसतो. यामाहाच्या आरएक्स १००, आरएक्सजी, आरएक्स १३५ आणि राजदूत आरडी ३५० यांना असतो. आरडी ३५० ला दोन सिलिंडर आहेत, म्हणून रीडचे ब्लॉकही दोन आणि पार्टचा खर्चही दुप्पट. एलएमएल व्हेस्पाच्या पाच पोर्टवाल्या इंजिनालाही रीड असतो.

जावा आणि येझदीच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना रीड नसतो. तिथे पिस्टनच पोर्ट उघडतो आणि बंद करतो. बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक चेतकलाही रीड नाही. तिथे हे काम क्रँक करतो. तुमच्याकडे येझदी किंवा चेतक असेल आणि बिलात 'रीड बदलला' असं लिहिलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी थांबा आणि नेमका कुठला पार्ट बदलला ते दाखवायला सांगा.

रीड करतो काय, एवढंच

पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, पत्त्या उघडतात आणि पेट्रोल, हवा, ऑइल यांचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की पत्त्या बंद होतात आणि आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे जाऊ देत नाहीत. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल, तर पत्ती सेकंदाला १०० वेळा उघडते आणि मिटते. म्हणून ती झिजते, तिचे कोपरे तुटतात, ती वाकते. नीट मिटली नाही की मिश्रण उलटं फिरतं. तुमचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

रीडचीच लक्षणं कोणती?

ही लक्षणं एकत्र दिसली, तर संशय रीडवर घ्या :

- थंड इंजिन सुरू व्हायला खूप किका लागतात, पण एकदा रेस दिली की गाडी बऱ्यापैकी पळते.
- स्लोवर इंजिन डळमळतं आणि बंद पडतं. स्लो स्क्रू फिरवूनही फरक पडत नाही.
- खालच्या रेसला पिकअप मेलेला, वरच्या रेसला ठीक.
- कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार मागे उडतात. एअर फिल्टर पेट्रोल-ऑइलने ओला झालेला असतो.
- प्लग काळा आणि ओला निघतो, पेट्रोल जास्त लागतं.

यातलं सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे ओला एअर फिल्टर. तो तुम्ही घरीच उघडून बघू शकता, पैसे लागत नाहीत. कार्बोरेटरच्या तोंडाशी थोडा ओलसरपणा चालतो. फिल्टर चिंब असेल, तर रीड उघडायलाच हवा.

आता रीडची नसलेली लक्षणं. रेस सोडली तरी इंजिन वरच घोंगावत राहत असेल आणि प्लग पांढरट निघत असेल, तर कुठून तरी फालतू हवा आत येते आहे. कार्बोरेटरचा रबर जॉइंट चिरलेला असतो किंवा मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलेलं असतं. सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येत असेल आणि गिअरचं ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं सील बघायला हवं. किक मारताना दाबच जाणवत नसेल, तर रिंगा आणि बोअर. तिथे बोअर-पिस्टनचा सल्ला बरोबर असू शकतो. तरी कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखवायला सांगा. नुसत्या किकच्या अंदाजावर सहा हजार खर्च करू नका.

तपासणीचा क्रम : स्वस्त आधी, महाग नंतर

१. प्लग काढा, रंग बघा. जुना असेल तर नवा घाला. ९० ते १५० रुपये.

२. एअर फिल्टर बघा. साफ करा.

३. रबर जॉइंट बोटांनी वाकवून बघा. चीर असेल तर बदला. २०० ते ५०० रुपये.

४. कार्बोरेटर उतरवून साफ करा. मजुरी १५० ते ३०० रुपये.

५. कार्बोरेटर उतरलाच आहे, तर त्याच वेळी रीड काढून बघा.

पाचवी पायरी चौथीला जोडूनच करून घ्या. रीडपर्यंत पोहोचायला कार्बोरेटर उतरवावाच लागतो. आज कार्बोरेटरची सफाई आणि आठवड्याने रीड, असं केलंत तर एकाच उघडझापीची मजुरी दोनदा जाते. दोन्ही कामं एकत्र असतील तर मजुरीही एकत्रच ठरवा. बिलात 'कार्बोरेटर काढणे-बसवणे' हे कलम एकदाच आलं पाहिजे.

रीड हातात आला की काय बघायचं?

ब्लॉक आधी स्वच्छ पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन, पुसून घ्या. मळलेल्या रीडवर कोणताही निर्णय घेऊ नका. कित्येकदा जुनं पेट्रोल आणि ऑइल सुकून तयार झालेल्या चिकट थरामुळे पत्ती अडकलेली असते आणि धुण्यानेच काम भागतं. मग हे तपासा :

- कोपरे आणि कडा. टवका उडालेला आहे का? फायबरच्या पत्तीचे धागे सुटलेत का? असतील तर पत्ती बाद.
- मूळ. पत्ती जिथे स्क्रूने दाबलेली असते, तिथे केसाएवढा तडा आहे का? भिंग वापरा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. तडा असेल तर पत्ती बाद, तो कितीही बारीक असला तरी.
- फट. ब्लॉक उजेडासमोर धरा. पत्ती आणि बैठक यांच्यामधून उजेड येतो का? नवी पत्ती पूर्ण टेकते. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरपर्यंतची फट चालवून घेतात. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. फीलर गेजने मोजायला सांगा.
- बैठक. ब्लॉकच्या ज्या कडेवर पत्ती टेकते, तिच्यावर रबराचा थर असेल तर तो उखडलाय का? उखडला असेल तर नुसत्या पत्त्या बदलून उपयोग नाही, पूर्ण ब्लॉक लागेल.
- स्टीलच्या पत्तीवर गंज. गंजाचे खड्डे दिसले की पत्ती बाद. पाण्याच्या कागदाने घासून ती परत बसवू देऊ नका. घासलेल्या जागी ती पुढे तुटते.
- स्क्रू आणि स्टॉपर. स्क्रू सैल आहेत का? पत्तीवरची वाकडी स्टॉपर पट्टी कुणी पकडीने दाबलेली दिसते का?

शेवटी गळतीची चाचणी. ब्लॉकचं टोक खाली करून धरा आणि कार्बोरेटरच्या बाजूने आत थोडं रॉकेल ओता. चांगल्या रीडमधून क्वचित एखादा थेंब पडतो. धार लागली तर रीड गेला. तोंडाने फुंकून किंवा ओढून बघण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती करू नका, पेट्रोलचा अंश पोटात आणि फुप्फुसात जातो.

पत्तीचा तुकडा कमी असेल तर एक गोष्ट सक्तीने करा : किक मारू नका. टॉर्चने पोर्टच्या आत बघा. तुकडा स्टीलचा असेल आणि सापडत नसेल, तर हेड आणि बॅरल उघडणं योग्यच आहे. तो तुकडा पिस्टन आणि बोअर ओरबाडतो. इथे खर्च वाढला तर तो वाजवी आहे. फायबरचा तुकडा सहसा एवढं नुकसान करत नाही, तरी आत नजर टाकून घ्या.

कुठली पत्ती घ्यायची?

*स्टील.* टिकाऊ आणि स्वस्त. वाकली की परत सरळ होत नाही आणि तुटली तर इंजिनला इजा करते. गाडी बरेच महिने उभी राहत असेल तर गंजाचा धोका.

*फायबर.* रोजच्या वापराला चांगली. तुटण्याआधी कडांचे धागे सुटतात, म्हणजे तपासणीत आधीच कळतं. इंजिनला धोका कमी. शहरात रोज चालणाऱ्या गाडीसाठी आमचा कौल फायबरला.

*कार्बन फायबर.* हलकी, वरच्या रेसला चांगली उघडते. किंमत जास्त. रोजच्या वापरात फरक थोडाच जाणवतो. कडा टणक असल्याने टवके उडतात, म्हणून तपासणी लवकर-लवकर करावी लागते. त्यात मिश्रणाचं प्रमाण बदललं तर जेट बदलावा लागतो, म्हणजे आणखी एक खर्च आणि आणखी एक फेरी. स्पर्धेत धावायचं नसेल तर याची गरज नाही.

पत्ती बदलायची की पूर्ण ब्लॉक? बैठक शाबूत आणि ब्लॉक सरळ असेल तर फक्त पत्त्या. बैठकीचं रबर गेलं असेल, ब्लॉकला चीर असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील तर पूर्ण ब्लॉक. एक पत्ती गेली असली तरी सगळ्या पत्त्या एकदमच बदला. बाकीच्याही तेवढ्याच जुन्या असतात.

किती पैसे?

आरएक्स १०० साठी अंदाजे :

- पत्त्यांचा संच, साधा फायबर किंवा स्टील : १५० ते ४०० रुपये
- पूर्ण ब्लॉक, बाजारातल्या कंपनीचा : ४०० ते ९०० रुपये
- कार्बन फायबरच्या पत्त्या : ७०० ते १,५०० रुपये
- पॅकिंग : २० ते ६० रुपये
- मजुरी, कार्बोरेटर काढण्या-बसवण्यासह : २०० ते ५०० रुपये

म्हणजे फक्त पत्त्या बदलल्या तर सुमारे ३७० ते ९६० रुपये. पूर्ण ब्लॉक बदलला तर ६२० ते १,४६०. त्यात रबर जॉइंट आणि प्लगही नवे घातले तर ९१० ते २,११०. यापेक्षा बराच मोठा आकडा समोर आला तर एकेका कलमाचा हिशोब मागा. 'सगळं मिळून' असा एकच आकडा मान्य करू नका.

वेळ : थंड इंजिनावर एक ते दीड तास. गाडी सकाळी नेलीत तर दुपारी परत मिळायला हवी. "दोन दिवस ठेवून जा" असं म्हणत असतील, तर पार्ट त्यांच्याकडे नाही असं समजा. पार्ट आल्यावरच गाडी न्या.

पार्ट कुठे मिळेल?

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्यामुळे कंपनीच्या शोरूममध्ये प्रत्येक पार्ट मिळेलच असं धरून चालू नका. तरी पहिला फोन तिथेच करा. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने मागवणारेही बरेच आहेत. पण पाठवणीचा खर्च आणि परत करायची सोय आधी विचारा. आटे बसवायचे असतील किंवा पुढे बोअर करायची वेळ आलीच, तर कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर जवळ आहे.

दुकानात जाताना जुना ब्लॉक सोबत न्या. नुसतं 'आरएक्स १०० चा रीड द्या' म्हणू नका. खऱ्या आरएक्स १०० चा इंजिन आणि चेसिस क्रमांक १एल१ ने सुरू होतो. पण तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने १३५ चं बॅरल बसवलेलं असू शकतं. आरसी बुकात एक आणि गाडीवर दुसरंच, असं असेल तर पार्ट जुळणार नाही. जुना ब्लॉक काउंटरवर ठेवून मापं, बोल्टची छिद्रं आणि पत्तीची लांबी-रुंदी जुळवून घ्या.

'जुना स्टॉक, ओरिजनल, जपानी' म्हणून काही हजार रुपये मागितले जातात. छापील किंमत, पार्ट क्रमांक आणि बिल यांतलं काहीच दाखवता येत नसेल, तर तो पार्ट ओरिजनल धरू नका आणि त्या भावाने घेऊ नका. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या ब्लॉकच्या बैठकीचं रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा.

लपलेले खर्च

*आटे गेले.* बॅरलवरचे बोल्ट गंजून अडकलेले असतात. जोराने फिरवले की ॲल्युमिनियममधले आटे निघतात. नवे आटे बसवायला प्रत्येक छिद्रामागे १०० ते २५० रुपये लागतात. काम सुरू होण्याआधीच विचारा : आटे गेले तर खर्च कोणाचा? आधीपासून गेलेले असतील तर तुमचा, काढताना गेले तर गॅरेजचा. हे तोंडी का होईना, आधी ठरवा.

*कार्बोरेटरची अदलाबदल.* आरएक्स १०० च्या मूळ मिकुनी कार्बोरेटरला बाजारात मागणी आहे. गाडी ठेवून जाणार असाल तर कार्बोरेटर, इंजिन क्रमांक आणि किलोमीटरचा काटा यांचे फोटो काढून ठेवा, शक्यतो मेकॅनिकसमोरच.

*एक्स्चेंज.* "जुना ब्लॉक द्या, शंभर कमी करतो." देऊ नका. जुन्या कंपनीच्या ब्लॉकची बैठक चांगली असेल तर पुढच्या वेळी नुसत्या पत्त्या घालून तो वापरता येतो.

*कर.* सुट्या भागांच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही आणि छापील किमतीपेक्षा जास्तही घेता येत नाही. ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणी नाही, त्याला मजुरीवरही जीएसटी घेता येत नाही. बिलात जीएसटी असेल तर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे.

*ऑइल आणि पेट्रोल.* ट्रायलसाठी पेट्रोल, प्रायमिंगसाठी ऑइल, सफाईचा स्प्रे : ही कलमं एकत्र करून दोनशे-तीनशे वाढतात. आधी विचारा.

हे शॉर्टकट चालवून घेऊ नका

*पत्ती उलटी करून बसवणं.* वाकलेली पत्ती उलटवली की काही दिवस फट मिटते. ती पुन्हा उघडते, आणि पत्ती आता उलट्या दिशेने वाकून लवकर तुटते.

*पत्ती हाताने वाकवून सरळ करणं.* स्टीलच्या पत्तीला असं केलं की तडा जायची जागाच तयार होते.

*शीटमधून कात्रीने कापलेली पत्ती.* कडांचे धागे सुटतात, जाडी चुकीची असते, धाग्यांची दिशा उलटी येते. पन्नास रुपये वाचतात आणि पुन्हा उघडण्याची मजुरी जाते.

*पॅकिंगऐवजी नुसतं लिक्विड गॅस्केट.* जास्तीचं गॅस्केट आत दाबलं जाऊन पत्तीवर चिकटतं. कागदी पॅकिंग घाला. लागलंच तर लिक्विड गॅस्केट अगदी पातळ आणि बाहेरच्या कडेलाच.

*स्टॉपर पट्टी काढून टाकणं.* 'पिकअप वाढतो' म्हणून काही जण काढतात. पत्ती गरजेपेक्षा जास्त उघडते आणि तुटते.

*स्क्रूला थ्रेडलॉक न लावणं.* हा स्क्रू सुटला तर थेट इंजिनात जातो. मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉक लावलेलं तुमच्यासमोर दिसलं पाहिजे.

स्वतः करणार असाल तर

हात बसला असेल तर हे काम घरी होतं. लागणारी हत्यारं : १० नंबरचा टी-पाना, जपानी गाडीच्या स्क्रूत नीट बसणारा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज, निळं थ्रेडलॉक, नवं पॅकिंग, स्वच्छ फडकी. काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर करा. जवळ आग, विडी-सिगारेट नको.

पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या दोन्ही बाजूंचे क्लॅम्प सैल करून तो बाजूला काढा. केबल न काढता तो हलकेच लटकता ठेवता येतो, पण केबलला पीळ पडू देऊ नका. ऑइल पंप चालू असेल तर त्याची बारीक नळी सांभाळा. ती निघाली तर आत हवा शिरते. परत लावताना नळीतली हवा पूर्ण काढावीच लागते, नाहीतर ऑइल पोहोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. खात्री वाटत नसेल तर पहिल्या थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून गाडी चालवा.

रबर जॉइंटचे बोल्ट थोडे-थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सोडा. ब्लॉक बाहेर आला की पोर्टच्या तोंडात स्वच्छ फडकं घाला. काहीही आत पडू देऊ नका. बसवण्याआधी ते फडकं काढायला विसरू नका. अडकलेल्या बोल्टवर जोर लावू नका. तेल सोडून काही तास थांबा किंवा गॅरेजला न्या. पन्नास रुपयांच्या बोल्टसाठी बॅरल खराब करण्यात अर्थ नाही.

नवी पत्ती बसवताना तिचा कापलेला कोपरा आणि स्टॉपर पट्टीचा कापलेला कोपरा एकाच बाजूला यायला हवा. दिशा चुकू नये म्हणूनच ती खूण असते. पत्ती बैठकीच्या बरोबर मध्ये आणा, दोन्ही बाजूंना सारखी. स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, हाताच्या जोराने, पाना किंवा इम्पॅक्ट लावून नाही. जॉइंटचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरला पुरतात. त्याहून जास्त आवळलं तर आटे जातात आणि रबर जॉइंटची कड चेपते.

बसवल्यावर, गाडी ताब्यात घेण्याआधी

गॅरेजमध्येच गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि तुम्ही स्वतः किक मारा. थंड इंजिनावरचीच किक खरी परीक्षा आहे. गरम गाडी दाखवून ताब्यात देत असतील तर थांबा.

स्लोवर सोडून जॉइंटभोवती साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला किंवा बुडबुडे दिसले, तर हवा गळते आहे. पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे गरम इंजिनावर मारू देऊ नका.

पहिले २०-२५ किलोमीटर बेताने चालवा. मग गाडी थंड झाल्यावर जॉइंटचे बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्या. ही तपासणी मजुरीत धरलेली आहे का, ते आधीच विचारा. प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी रंग आला तर मिश्रण ठीक आहे.

लक्षणं तशीच राहिली तर? मग पुढची पायरी कॉम्प्रेशन गेज आणि ऑइल सील. आता बोअर-पिस्टनवर खर्च करायचा निर्णय तुम्ही माहितीच्या आधारावर घेताय.

कागदपत्रं आणि पीयूसी

गॅरेजला आरसीची मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स पुरते. मेकॅनिक गाडी ट्रायलला रस्त्यावर नेणार असेल तर विमा चालू आहे ना, ते बघा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नूतनीकरण झालेली हवी. ती संपलेली असेल तर गाडी रस्त्यावर न आणता टेम्पोतून न्या.

पीयूसीची मुदत जवळ आली असेल तर आधी रीड, मग पीयूसी. बिघडलेल्या रीडमुळे मिश्रणाचं प्रमाण बिघडतं आणि आकडे वर जातात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. पीयूसीच्या मशीनवरचे आकडे स्वतः वाचा आणि दुरुस्तीच्या बिलासोबत जपून ठेवा. पुढच्या वेळी इंजिनची तब्येत त्यावरून कळेल. पीयूसीची फी केंद्रावर लावलेल्या दरपत्रकाइतकीच द्या. जुन्या गाड्यांना हा दाखला सहा महिन्यांसाठी मिळतो.

बिलात पार्टचं नाव, कंपनी, किंमत, मजुरी आणि तारीख वेगवेगळी लिहून घ्या. जुन्या पत्त्या परत मागा. त्या हातात नसतील तर खरोखर बदलल्या का, हे सांगता येणार नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, न बदललेल्या पार्टचे पैसे लावले किंवा बिल द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिल आणि फोटो जवळ असतील तर तक्रारीला वजन येतं.

पुन्हा लवकर खर्च येऊ नये म्हणून

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. आता पंपांवर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या जुन्या गाड्यांसाठी बनलेलं नाही. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून टाकीत महिनोन्महिने पेट्रोल साठवू नका आणि रबर जॉइंट दर सर्व्हिसिंगला बघा. टू-टी ऑइल चांगल्या कंपनीचं आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. जास्त ऑइल म्हणजे जास्त चिकटा. एअर फिल्टरशिवाय गाडी चालवू नका. धुळीचा एक कण पत्तीखाली अडकला तरी ती मिटत नाही. आणि कार्बोरेटर सफाईला उतरेल तेव्हा रीडही बाहेर काढून बघा. त्या वेळी त्याची वेगळी मजुरी द्यावी लागत नाही.

सांगायचं एवढंच : टू-स्ट्रोकच्या कुठल्याही मोठ्या दुरुस्तीला होकार देण्याआधी पत्त्या तुमच्या हातात आल्या पाहिजेत. जो मेकॅनिक न सांगता त्या काढून दाखवतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त ठेवा. जो दाखवायला टाळतो, त्याच्याकडे बोअर-पिस्टनचं काम देऊ नका.